मूठ, वाटी आणि पगाराची तारीख

कळण्याचं दळण गिरणीवर नेलं तर त्याचा नंबर बहुधा शेवटी लागतो. ज्वारी आणि सालीसकट उडीद एकत्र दळले की पीठ करडं निघतं, आणि त्यामागून ज्याचे गहू पडतील त्याच्या पोळ्यांवर करडी झाक येते. मग भांडणं. उधना, लिंबायत, नवागाम, डिंडोली, पांडेसरा या सुरतेच्या पट्ट्यात हे कुणा गिरणीवाल्याला समजावून सांगावं लागत नाही. गुजरातेत घरोघरी घरघंटी आली. कोपऱ्यात उभं राहणारं, विजेवर चालणारं जातं. पण दहा बाय बाराच्या खोलीत घरघंटी ठेवली तर माणसांनी झोपायचं कुठे, हा प्रश्न उरतोच. त्यामुळे या वस्त्यांत गिरण्या चालतात आणि कळण्याचं दळणही चालतं.

पुढच्या पानांतल्या पाककृती याच पट्ट्यातल्या खान्देशी घरांच्या आहेत. पदार्थाशेजारी त्याला लागणारा पैसा, इंधन आणि वेळ मांडला आहे, आणि मला विचाराल तर या पुस्तकाचं खरं काम ते. खान्देशी खाणं म्हटलं की आपल्या मासिकांत ‘झणझणीत’ हा शब्द येतो, शेवभाजीच्या तर्रीचं छायाचित्र येतं आणि विषय संपतो. ते कुणी रांधलं, किती पैशांत, कोणत्या पाळीच्या वेळेला, हे कुणी विचारत नाही. परगावी गेलेल्या माणसांचा पदार्थ टिकला की त्याचं श्रेय आपण गावच्या आठवणींना देऊन मोकळे होतो. आठवणींवर फार तर सणाचा एक दिवस निभावतो. उरलेल्या दिवसांत पदार्थ टिकतो तो हिशेबात बसला तर. कुणीतरी, बहुतेक वेळा बाईने, धान्याचा भाव, गॅसची टाकी, डब्यात किती तास राहील आणि आपले हात किती वेळ अडकतील याची बेरीज केलेली असते. ती बेरीज कागदावर नसते, म्हणून आपल्याला ती दिसत नाही.

कळण्याचीच बेरीज करून पाहू. घरोघर प्रमाण वेगळं, पण चार वाटे ज्वारी आणि एक वाटा उडीद हे सर्वसाधारण माप. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यांत १०० ग्रॅम ज्वारीत १०.४ ग्रॅम प्रथिनं दिली आहेत आणि उडदाच्या डाळीत २४ ग्रॅम. म्हणजे चार किलो ज्वारीतून ४१६ ग्रॅम आणि एक किलो उडदातून साधारण २४०. पाच किलो पिठात ६५६. नुसत्या ज्वारीची दहा टक्क्यांची भाकरी तेरा टक्क्यांवर गेली. एवढ्यावर हे थांबत नाही. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल फार कमी असतं, ते कडधान्यांत भरपूर असतं. उलट कडधान्यांत जी उणीव असते ती धान्य भरून काढतं. दोन्ही एका घासात आली तर शरीराला त्यांचा उपयोग जास्त होतो. शिवाय उडदाच्या चिकटपणामुळे भाकरी थापताना तडकत नाही, हे शिकाऊ हातांना बरं. वर कच्चं शेंगदाण्याचं तेल आणि मिरचीचा खुडा. भाजीचा खर्च शून्य. महिन्याची शेवटची तारीख आणि पगाराचा दिवस यांच्यामध्ये ज्या काही रात्री येतात, त्या या भाकरीने ओलांडल्या आहेत.

ही माणसं सुरतेत आली कशी, हे थोडक्यात सांगून टाकतो, कारण ते पुष्कळांनी सांगितलेलं आहे. तापी मुलताईला उगम पावते, खान्देश ओलांडते आणि सुरतेला वळसा घालून डुमसजवळ समुद्राला मिळते. ७२४ किलोमीटरचा प्रवास. १९०० च्या सुमारास तापी खोऱ्यातून रेल्वे आली आणि सुरत, नंदुरबार, अमळनेर ही नावं एका रुळावर आली. पुढे तो मार्ग जळगावला जोडला गेला. १ मे १९६० ला दोन राज्यं झाली, सीमा नवापूरच्या स्टेशनातून गेली, पण गाडी काही सीमेवर थांबून माघारी वळली नाही. कोरडवाहू शेती, १९७२ चा दुष्काळ, वाटण्यांत तुकडे होत गेलेली जमीन, आणि दुसऱ्या टोकाला यंत्रमाग, डाइंग मिल, रिंग रोडचं कापड मार्केट. जळगावहून रेल्वेने ३०० किलोमीटरच्या आसपास अंतर. मुंबई-पुण्यापेक्षा खान्देशच्या बऱ्याच गावांना सुरत सोयीची आणि ओळखीची. आज तिथे महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत, आणि नवसारी लोकसभा मतदारसंघातून निवडून येणारे सी. आर. पाटील मूळचे जळगाव जिल्ह्यातले. मराठी वाचकाला सुरत म्हटल्यावर अजून १६६४ ची लूट आधी आठवते, त्याला इलाज नाही.

घर चालवण्याच्या शास्त्रावर मराठीत कमी लिहिलं गेलं असं नाही. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ १८७५ चं. लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या ‘गृहिणी-मित्र’मध्ये हजार पाकक्रिया आहेत. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० मध्ये आली आणि तिने वाटी-चमच्याच्या मापाने नव्या सुनांची पिढी सांभाळली. सुरतेपासून जवळच, बडोद्याला, हंसा मेहता १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या आणि त्यांच्या काळात तिथे गृहविज्ञानाची शाखा उभी राहिली. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातली ‘सर्व पुरुष’ अशी सुरुवात ज्यांनी ‘सर्व मानव’ अशी करायला लावली, त्याच या बाई. घरकामाला विद्यापीठात जागा मिळणं ही लहान गोष्ट नव्हती. तरीही या सगळ्या परंपरेच्या मनातलं घर एका विशिष्ट घडणीचं होतं. त्यात स्वयंपाकघर ही वेगळी खोली होती, महिन्याला ठरलेला पगार होता, दुपारी दोन तासांची सवड होती. मोरीशेजारी ओटा, ओट्याखाली भांडी, वर माळ्यावर धान्याची कोठी आणि त्याच खोलीत रात्रपाळी करून झोपलेला माणूस, हे घर त्या पुस्तकांत नाही.

परदेशातला एक प्रयोग इथे आठवल्याशिवाय राहत नाही. एलन स्वॅलो रिचर्ड्स या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी पुढे १८९९ मध्ये लेक प्लॅसिडला पहिली परिषद भरवली आणि अमेरिकेत गृहअर्थशास्त्राला रूप दिलं. त्याआधी १८९० मध्ये त्यांनी आणि मेरी हिनमन एबल यांनी बॉस्टनमध्ये एक सार्वजनिक स्वयंपाकघर काढलं होतं. कामगार आणि नव्याने आलेले स्थलांतरित यांना स्वस्त, मोजूनमापून केलेलं, पौष्टिक अन्न द्यावं हा हेतू. सूप, उकडलेलं मांस, लापशी, सगळं शास्त्रशुद्ध. ज्यांच्यासाठी केलं त्यांनी ते फारसं घेतलं नाही. आयरिश, इटालियन, ज्यू कामगारांना स्वतःचं जेवण हवं होतं, आणि कुणाचंही चुकत नव्हतं. त्यांना त्या अन्नाची किंमत परवडत होती, चव परवडत नव्हती. रिचर्ड्सबाईंचा हिशेब बरोबर होता, फक्त त्यात एक रकाना कमी होता. सुरतेतल्या खान्देशी बाईने तो रकाना कधी गाळला नाही. स्वस्त काय आणि आपलं काय, ही दोन्ही उत्तरं तिला एकाच पातेल्यातून काढायची असतात.

जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्ये दाखवून दिलं की घर जितकं गरीब, तितका मिळकतीचा मोठा वाटा पोटावर खर्च होतो. केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या कौटुंबिक खर्चाच्या पाहणीत शहरी भारतात अन्नाचा वाटा ३९ टक्क्यांच्या आसपास निघाला, खेड्यांत ४६. सरासरीच्या या आकड्याखाली खोलीभाडं, गावी पाठवायचे पैसे, शाळेची फी आणि लग्नाचं कर्ज असं सगळं दडपलेलं आहे. भाडं ठरलेलं, फी ठरलेली. कमी-जास्त करता येतं ते फक्त ताटात. म्हणून गृहिणीची हुशारी तिथेच दिसते आणि ओढाताणही तिथेच होते.

या ताटात गेल्या पन्नास वर्षांत झालेला सगळ्यात मोठा बदल मात्र कुणी ठरवून केलेला नाही. खान्देशचा माणूस ज्वारीवर वाढला, त्यातही दादर म्हणजे रब्बीची पांढरी, टपोरी ज्वारी ही त्याची मिरवायची गोष्ट. रेशनवर मात्र गहू आणि तांदूळ. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळू लागलं, जानेवारी २०२३ पासून ते मोफत झालं. फुकटच्या गव्हापुढे विकतची दादर कशी टिकणार? घरातली भाकरी दोन वेळांवरून एका वेळेवर आली, मग आठवड्यातून काही दिवसांवर. आता दादरचं पोतं गावाहून कुणी येणारा आणतो किंवा हंगामात बाजारातून घेतलं जातं, आणि ते संपेपर्यंत जपून वापरलं जातं. गरिबाची भाकरी शहरात जाऊन चैनीची झाली, तीही इतक्या सावकाश की कुणाला त्याची तारीख सांगता येणार नाही.

घड्याळाचा मुद्दा याहून अवघड. यंत्रमागावर पाळी बारा तासांची. दिवसपाळीचा डबा सकाळी सातच्या आत निघतो, रात्रपाळीचा संध्याकाळी त्याच वेळेला. ज्या घरात बाप दिवसपाळीला आणि मुलगा रात्रपाळीला, तिथे चूल कधी विझतच नाही. मधल्या वेळात बाई मोकळी असेल असं कुणी समजू नये. साडीला लेस लावणं, टिकल्या आणि खडे चिकटवणं, धागे कापणं, घडी घालणं, ही कामं मार्केटमधून घरी येतात आणि नगावर पैसे मिळतात. समोर साडी पसरलेली असताना वारंवार उठून ढवळावी लागणारी भाजी परवडत नाही. हळदीचा एक हात साडीला लागला तर दिवसाची कमाई गेली. म्हणून कुकर. म्हणून खिचडी, पिठलं, आणि सकाळीच घोटून ठेवता येणारी वांग्याची भाजी. या पुस्तकात पदार्थाशेजारी ‘हात किती वेळ अडकतात’ अशी नोंद आहे, तिचा अर्थ हा. एकूण शिजण्याचा वेळ आणि हात अडकण्याचा वेळ यांतला फरक मला इतर कुठल्या मराठी पाकपुस्तकात मांडलेला आठवत नाही.

आता शेवभाजी. तिच्याबद्दल इतकं रंगवून लिहिलं गेलंय की ती मुळात अडचणीच्या दिवसाची भाजी आहे हे विसरायला होतं. घरात भाजी नाही, किंवा आषाढात भाव कडाडलेत, किंवा रात्री उशिरा पाहुणा आला. कांदा आणि सुकं खोबरं भाजायचं, वाटायचं, काळा मसाला, तेल, पाणी, उकळी, आणि ताटात वाढताना जाड शेव. सुरतेत शेवेला तोटा नाही, फरसाणाचं दुकान गल्लीत दोन असतात. पण नाश्त्याची बारीक शेव रश्श्यात पडली की लगदा होतो, भाजीची शेव निराळी. खान्देशी वस्त्यांतल्या दुकानांत ती वेगळ्या डब्यात असते. हॉटेलांच्या पाट्यांवर शेवभाजी आली तेव्हा तिची तर्री वाढली. घरच्या शेवभाजीत तेल बेताचं असतं, कारण तेलाचा पंधरा किलोचा डबा महिनाअखेर कुठवर आला आहे ते करणारीला पाठ असतं.

भरताची गोष्ट याच्या नेमकी उलटी. भरीत हिशेबात बसत नाही आणि तरी सुटत नाही. जळगावच्या भरताच्या वांग्यांना भौगोलिक मानांकन मिळालं आहे. मोठी, हिरवट-पांढरी, कमी बियांची ही वांगी हिवाळ्यात येतात. गावी ती तुरीच्या किंवा कापसाच्या वाळल्या काठ्यांच्या जाळावर भाजतात, लाकडी बडगीत कुटतात. भाजलेली हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर. सुरतेच्या खोलीत काठ्या नाहीत, जाळ नाही, आणि गॅसवर एकेक वांगं फिरवत बसलं तर टाकी रडते. वांग्याची साल करपते, आत धूर शिरत नाही. मग लोकांनी वाटा काढल्या. वांगी गावीच भाजून, सोलून, डब्यात भरून गाडीने येतात. किंवा रविवारी चार-सहा कुटुंबं मिळून एखाद्या मोकळ्या जागी जाळ करतात आणि खर्च वाटून घेतात. या पुस्तकात गॅसवरच्या भरताची कृती दिली आहे. ती प्रामाणिक आहे, चवीबद्दल मी काही बोलणार नाही.

वाळवणात तर हवाच आडवी येते. खान्देशचा चैत्र-वैशाख कोरडा, भाजून काढणारा. कुरडया, पापड, बिबडे दोन उन्हांत कडक. समुद्राजवळच्या सुरतेच्या हवेत ओल असते, त्यामुळे तेच बिबडे लवचिक राहतात आणि डब्यात बुरशी धरतात. बिबडे म्हणजे ज्वारी भिजवून, आंबवून, कांडून शिजवायची आणि तीळ-लसूण घालून पातळ थापायची. मेहनत इतकी की वाया गेले तर रडू यावं. अनुभवी बायका पीठ घट्ट शिजवतात, थापा पातळ देतात आणि गच्चीवर ऊन वर यायच्या आत पसरतात. शेजारच्या गुजराती घरातली खीचूची वाफ आणि इकडची बिबड्यांची वाफ एका जिन्यात भेटते, आणि दोन्हीकडच्या मुलांना वाळवण होण्याआधीचं ओलं पीठ तेल घालून खायचं असतं. मिरचीही याच दिवसांतली. नंदुरबार आणि दोंडाईचा या मिरचीच्या जुन्या बाजारपेठा आणि दोन्ही स्टेशनं सुरतेच्याच मार्गावर. वर्षाचा मसाला एकदा केला की वर्षभर रोजच्या फोडणीचा विचार करावा लागत नाही. त्या महिन्यात मात्र घरातले पैसे मसाल्यात, गव्हात आणि तेलात अडकतात. भिशीचा नंबर उन्हाळ्यात लागावा म्हणून चालणारी खटपट ही याच कारणाने.

‘सुरतनुं जमण अने काशीनुं मरण’ अशी म्हण असलेल्या शहरात राहून त्याच्या ताटातलं काही घेतलं नाही, असं कसं होईल? गव्हाला एरंडेल चोळून वर्षाचे भरून ठेवायची तिकडची रीत खान्देशी घरांनी उचलली. उंधियू करणाऱ्या घरी कतारगामची पापडी निवडायला गेलेली बाई पुढच्या हिवाळ्यात तीच पापडी वांग्यात घालून, साखरेला फाटा देऊन, काळ्या मसाल्यात करते. थंडीत तापीकाठी पोंक विकायला येतो. तो कोवळ्या ज्वारीचाच दाणा, खान्देशात शेतावर बसून खाल्लेला, इथे लिंबू-मिरीच्या शेवेसोबत किलोच्या भावाने. चांदनी पडव्याच्या सणाला खायच्या घारी या मिठाईपुढे मात्र सगळेच सुरती. वरणात गूळ किती, यावर घरात सासू-सुनेचं एकमत क्वचित होतं. सुरतेत जन्मलेली सून गूळ घालते, गावची सासू ताट सरकवते. या भांडणाला मी समन्वय वगैरे भारी नाव देणार नाही.

संकटात या स्वयंपाकघरांची परीक्षा झाली ती तीनदा तरी. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या बातमीने शहर रिकामं होऊ लागलं आणि तापी खोऱ्याच्या गाड्या भरून गेल्या. घरात भरलेलं धान्य मागे राहिलं. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईच्या धरणातून सोडलेलं पाणी शहरात शिरलं. ते पाणी वरून, खान्देशातूनच आलेलं. लिंबायतच्या बाजूला मीठी खाडी पावसाळ्यात तशीही घरात येते, म्हणून तिथे धान्य माळ्यावर आणि शेगडी उचलून ठेवण्याजोगी हा नियम कुणी लिहून न देता पाळला जातो. मार्च २०२० ला माग थांबले. तेव्हा ज्यांच्या कोठीत उन्हाळ्याचा गहू अजून आलेला नव्हता, त्यांची सगळ्यात जास्त ओढ झाली, कारण वर्षाची खरेदी एप्रिल-मेची आणि टाळेबंदी मार्चच्या शेवटाची. वर्षाचं धान्य एकदम भरण्याला मागासलेली सवय म्हणणाऱ्यांनी या महिन्यांचा विचार करावा. पैसा बँकेत ठेवता येतोच, पण बंद दुकानात त्याचा भात होत नाही.

कानबाईचे रोट हे या पुस्तकातलं सगळ्यात चांगलं प्रकरण, आणि सगळ्यात अस्वस्थ करणारंही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. सुरतेच्या खान्देशी वस्त्यांत आता ती मिरवणुकीने, वाजतगाजत निघते. त्या सणासाठी गहू मोजून घेतले जातात, आणि माप असतं घरातल्या पुरुषांच्या संख्येवर. प्रत्येकाच्या नावाने मूठ-सव्वा मूठ, कुळाकुळाची रीत थोडी निराळी. भाऊबंद एकत्र येतात. गल्लीत वेगवेगळ्या खोल्यांत राहणारे चुलत भाऊ त्या दिवशी एका घरात जमतात, मापाचे गहू एकत्र होतात, पुरण शिजतं, आणि रोट कुळाबाहेर जात नाहीत. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचं तर हे संयुक्त कुटुंबाचं वर्षातून एकदा होणारं ताळेबंदाचं अधिवेशन. कोण आला, कोण नाही, कुणाच्या घरी जन्म झाला, कुणाची मूठ यंदा कमी झाली, हे गव्हाच्या ढिगावरून कळतं. आणि त्या ढिगात दळणारीची, पुरण वाटणारीची, रात्रभर तळणारीची मूठ नाही. देवी बाई, राबणारी बाई, मोजले जातात पुरुष. पुस्तकात हे अगदी साधेपणाने, टिप्पणी न करता नोंदलं आहे. मी मात्र टिप्पणी केल्याशिवाय पुढे जाणार नाही. काही घरांनी अलीकडे लेकींच्या नावानेही मूठ घालायला सुरुवात केली तर कानबाई रागावेल असं मला वाटत नाही.

तक्रार करायचीच तर आणखी दोन आहेत. एक, मटणाला फार कमी पानं मिळाली आहेत, आणि खान्देशच्या आदिवासी भागातून आलेल्या कुटुंबांच्या रानभाज्यांना त्याहून कमी. सुरतेतला खान्देश एका जातीचा किंवा एका ताटाचा नाही. दुसरी तक्रार जास्त गंभीर. खर्चाच्या तक्त्यांत गॅस आहे, तेल आहे, मीठसुद्धा आहे, पण करणारीच्या वेळाला किंमत लावलेली नाही. तास मांडले आहेत, त्यांचे रुपये केलेले नाहीत. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटं निघाला आणि पुरुषांचा ९७, तोही अशा मोजक्या पुरुषांचा जे मुळात काही करतात. २९९ मिनिटं म्हणजे पाच तास. लेस लावण्याचा नगाचा दर जिला तोंडपाठ आहे, तिला तेवढ्या वेळात किती साड्या झाल्या असत्या हे विचारायला हवं होतं. कदाचित विचारलं असेल आणि तिने हसून विषय बदलला असेल.

वेळाच्या किमतीचा हा रकाना भरला जातो तो वेगळ्याच ठिकाणी, खापरावरच्या मांड्यांत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशात पुरणपोळी खापरावर होते. उपड्या मातीच्या खापराखाली लाकडाचा जाळ, आणि पुरण भरलेला उंडा हातावर खेळवत खेळवत कोपरापर्यंत पसरवून खापरावर टाकायचा. हे काम खोलीत होत नाही आणि नव्या मुलींना येतही नाही. ज्यांना येतं त्या बायका सणाच्या आधी मोकळी जागा धरून बसतात आणि लोक ऑर्डर देतात. सुरुवातीला अशा ऑर्डरीत गहू, डाळ, गूळ, लाकूड यांची बेरीज करून वर थोडेफार पैसे मागितले जात. आता बऱ्याच ठिकाणी व्यवहार मजुरीवर ठरतो. पीठ आणि पुरण गिऱ्हाइकाने आणायचं, लाकूडही त्याचंच, आणि मांडे करणारीने मांड्यामागे मजुरी घ्यायची. बिबडे-पापडांनाही तसंच. भाव तिने सांगायचा, आणि तो सगळं साहित्य वगळून फक्त हाताचा असतो. शेवटच्या प्रकरणात या मजुरीचे तपशील आहेत: सणाच्या आदल्या दिवशी दर वाढतो, कुणी पुरण सैल आणलं तर परत पाठवलं जातं, आणि शेजारणीलाही सूट नसते. वाचकाने तिथून सुरुवात केली तरी चालेल.